मोडलेल्या शाफ्टबद्दल तीन मते

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

ट्रक बंद पडला. काल सकाळी आंधळगावहून तुमसरला जाताना, नव्वद पोती धान भरलेले असताना. इंजिन चालू, गिअर पडतो, चाक मात्र जागचे हलेना. पोती दुसऱ्याच्या गाडीत चढवून दिली आणि आमचा ट्रक दोर लावून मोहाडीला बाबुलाल मिस्त्रीच्या गॅरेजात ओढत नेला.

आज स्वतः जाऊन आले. बाबुलालने गाडी खोलून ठेवली होती. मागच्या दोन चाकांमध्ये आडवी जाड लोखंडी नळी असते, तिला हाउजिंग म्हणतात. तिच्या आत चाक फिरवणारे दांडे असतात, ते शाफ्ट. हे सगळे मिळून मागचा एक्सल. उजवा शाफ्ट तुटला आहे. म्हटले, तुटला तो बदला.

बाबुलाल हात पुसत म्हणाला, "शाफ्टनं नाही होत बाईसाहेब. पूरा एक्सल बदलाले लागन."

किती? आठ हजार चारशे. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तेच. एवढ्यात लोक मुलीचे लग्न करतात.

सेवकराम शेजारी उभा होता. हा आमचा ड्रायव्हर, यजमानांच्या वेळेपासून चौदा वर्षे. ट्यूबला ठिगळ लावायचे की नवी घ्यायची यावरून तो माझ्याशी तासभर हुज्जत घालतो. तो आज मान खाली घालून म्हणाला, "करून टाका बाई."

इतक्या लवकर? मिस्त्री आणि ड्रायव्हर यांचे आपसात कमिशन ठरलेले असते, हे ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकले आहे. यजमान जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून ट्रक मी चालवते. म्हणजे चालवून घेते. सेवकरामबद्दल अशी शंका कधी आली नव्हती.

१ डिसेंबरपासून तुमसरच्या राइस मिलचे काम सुरू होते. त्या दिवशी गाडी दारात उभी नसली, तर मिलवाले हंगामाचे काम दुसऱ्याला देतील.

ठरवले: दुसऱ्या मिस्त्रीचे मत घ्यायचे. बाबुलालचा आकडा खोटा निघाला, तर सेवकरामला कामावरून काढायचे. गेल्या वर्षी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठले, तोवर खोटे बोलणाऱ्याला मी दुसरी संधी दिली नव्हती.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

तुमसरला ईश्वर मिस्त्रीकडे गेले. त्याचे नाव चांगले आहे. दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचे गुण बघायचे नसतात, म्हणून आकडा सांगायचा नाही असे ठरवूनच गेले होते. म्हटले, मोहाडीला चलून गाडी बघा, येण्याजाण्याचा खर्च देते.

त्याने एकच विचारले, "कोनं खोलली?"

"त्याच्याशी तुम्हाला काय करायचे आहे?"

"मंग मी नाही येत."

"का?"

"दुसऱ्या मिस्त्रीनं खोललेल्या गाडीले आमी हात नाही लावत बाई. त्यानं सोताहून बलावलं त येतो. नाही त आज मी त्याच्या गाडीखाली शिरीन, उद्या तो माह्या. मंग गाडीवाले आमाले एकमेकावर सोडतीन अन् भाव पाडतीन."

"हा नियम कुठे लिहिला आहे?"

"लिवला नाही जी. पन हाय."

न लिहिलेला नियम मी शाळेत एकही चालू दिला नव्हता. इथे मात्र उन्हात उभे राहून ऐकून घ्यावा लागला. परत येताना एक सुचले. गाडीला हात लावत नाहीत, पण गाडीबाहेर काढलेल्या तुकड्याला लावतील की नाही?

गुरुवार, १६ नोव्हेंबर

बाबुलालकडे तुटलेला शाफ्ट मागितला. वाटले, आढेवेढे घेईल. त्याने दोन्ही तुकडे फडक्याने पुसले आणि पोत्यात बांधून दिले.

"न्या न बाईसाहेब. ज्याले दाखवाचं त्याले दाखवा. पन एकट्यानं नोका उचलू, कंबर जाईन."

चोर इतका मोकळा नसतो. किंवा फार पक्का असतो.

ते ओझे माझ्याने खरेच उचलेना. म्हणून ज्याची चौकशी करायची त्याच्याच खांद्यावर पुरावा दिला आणि एसटीत बसले. कंडक्टर पोते चाचपून म्हणाला, "काय जी, तोफ घेऊन चाल्ले का?"

सेवकराम म्हणाला, "तोफ मेली. हाडूक हाय तिचं. तिकीट फाड."

सगळी एसटी हसली. मी लगेजची पावती मागून घेतली.

ईश्वरने या वेळी काही विचारले नाही. तुकडे जमिनीवर ठेवून एकदा फिरवले. "शाफ्ट तुटला, शाफ्ट बदला. मजुरीसंगं साडेसातशे."

"पूर्ण एक्सल बदलावा लागणार नाही?"

"ह्या तुकड्यावरून मी एवढंच मनीन. बाकी गाडी मी पाह्यली नाही अन् पाहातबी नाही."

साडेसातशे आणि आठ हजार चारशे!

परतताना सेवकरामला सरळ विचारले, "त्या दिवशी तू करून टाका का म्हणालास?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "चालवाची मलेच हाय नं, बाई."

याला उत्तर म्हणत नाहीत.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

ठरल्याप्रमाणे आज त्याला काढायला हवे होते. काढले नाही. दोन परीक्षकांच्या गुणांत फार अंतर पडले, तर पेपर तिसऱ्याकडे द्यावा, हेच न्यायाचे आहे. खरे लिहायचे तर तिसऱ्याने त्याला निर्दोष ठरवावे असे मला वाटते, की एकदाचा दोषी ठरवावे असे वाटते, तेच कळत नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

वरठीला गोमाजींकडे गेलो. पुन्हा ओझे सेवकरामच्या खांद्यावर. गोमाजी रेल्वेत इंजिनांचे फिटर होते, निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. गॅरेज नाही, कोणाशी देणेघेणे नाही. परसात वांगी लावतात. त्यांचे मत विकत घेता येणार नाही, म्हणून त्यांना निवडले.

त्यांनी तुटलेली टोके रॉकेलने धुतली, उन्हात धरली, खिशातून भिंग काढले. मग म्हणाले, "बाई, इकडे या. हा काळा भाग दिसते? गुळगुळीत. त्यात रेघा, तळ्याबोडीतलं पानी हटते तशा काठाच्या. अन् हा एवढासा कोपरा पाहा. चमकते, दानेदार. एवढा कोपरा परवा तुटला. बाकीचा आंधीच तुटला होता."

"आधी म्हणजे केव्हा?"

"दोन साल धरा. एकडाव भारी दनका बसला, तिथून फट सुरू झाली. मंग रोज केसभर, रोज केसभर."

"मग हाउजिंग?"

"बाहेरची नळी सीधी असती, त दांडा असा झिजून नसता तुटला. मले ते वाकडी वाटते. नवा शाफ्ट टाकसान, तोबी असाच जाईन. पन डोऱ्यानं पाह्यल्याबिगर शपथ नाही घेत."

मग त्यांनी सेवकरामकडे भिंग रोखले. "तू चालवतं का?"

"हो जी."

"आवाज येत असन."

"येत होता जी."

"वळनावर कशी घेत होता?"

"हळू."

"अन् चढावर?"

"पयल्या गेरात. झटका न देता."

गोमाजींनी अंगठ्याचे नख त्या चमकत्या कोपऱ्यावर ठेवले. कोपरा नखाखाली झाकून गेला. "एवढ्याशा लोखंडावर धानाची गाडी चालवली यानं. काय मानूस हाय बापा!"

हे कौतुक मला समजले नाही. आवाज येत होता, तर मालकाला सांगायचे असते. मी तिथेच विचारले, "सेवकराम, दोन वर्षांपूर्वी काय झाले होते?"

"ध्यानात नाही बाई."

कोणत्या मैलाच्या दगडाशी कोणते टायर फुटले, ते या माणसाला तिथीसह आठवते!

म्हणजे पहिला म्हणतो सगळे बदला. दुसरा म्हणतो दांडा बदला. तिसरा म्हणतो पहिल्याचे बरोबर असावे, पण मोडले दोन वर्षांपूर्वी. तिघांपैकी कोणीही खोटे बोलताना दिसला नाही. खोटे बोलला तो चौथा.

सोमवार, २० नोव्हेंबर

जुन्या दैनंदिन्या काढल्या. दोन वर्षांपूर्वी सेवकरामने काय केले ते माझ्याच नोंदींत सापडेल असे वाटले. चोरून कोणाचा तरी माल भरला असणार. संबंधित नोंदी इथे उतरवून ठेवते.

"२१ डिसेंबर १९७६. पुरुषमंडळी शंभर पोत्यांच्या वर जायला तयार नव्हती. मी केबिनमध्ये बसून दीडशे पोती एका खेपेत नेऊन दाखवली. नाल्यावरच्या रपट्यावर गाडी अडली. सेवकराम म्हणे, अर्धी पोती उतरवू. मी म्हटले, पाच वाजता मिलचा वजनकाटा बंद होतो, दे जोर. मोठा झटका बसला आणि निघाली. काटा गाठला. बायकांना धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी बघून घ्यावे."

"१२ फेब्रुवारी १९७७. मागून टकटक आवाज येतो, गाडी दोन दिवस गॅरेजला ठेवू, असे सेवकराम म्हणतो. गायमुखच्या जत्रेला जायचे असणार. नाही म्हटले."

"३ मार्च. नव्वदच्या वर एक पोते चढवू देत नाही. कामचुकारपणा. आठवड्याचा भत्ता कापला."

"१८ एप्रिल. रोज अर्धा तास उशीर. विचारले तर म्हणतो, वळणे आहेत. तुमसरच्या रस्त्याला वळणे या वर्षी आली काय?"

चोरीची एकही नोंद नाही. डिसेंबरची खेप दोनदा वाचली. ती माझ्या देखरेखीखाली झाली होती, म्हणून बाजूला ठेवली. दणका मी नसताना बसला असला पाहिजे. पण मग फेब्रुवारीपासून हा माणूस घाबरल्यासारखा का चालवतो? चोरून जास्त माल भरणारा नव्वदवर अडून का बसेल? काहीच जुळत नाही. मला गणितात कधी इतका वेळ लागला नव्हता.

बुधवार, २२ नोव्हेंबर

सकाळी नऊला सेवकरामला बोलावले. म्हटले, "दोन वर्षांपूर्वी कोणाचा माल भरला होतास? आवाज का लपवलास? सांग, नाहीतर किल्ली ठेव."

तो भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी इचारू नोका बाई." किल्ली टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेला.

चौदा वर्षे, सात मिनिटे. मी घड्याळ बघितले होते.

निर्णय नियमाप्रमाणे झाला. तरी दुपारी जेवण गेले नाही. पित्त असावे.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सेवकरामची बायको कुंताबाई आली. बस म्हटले तरी बसली नाही. पदर कमरेला खोचलेला, तशीच अंगणात उभी.

"भांडाले नाही आली, बाई."

"मग बोल."

"दोन साल झाले. माहा मानूस सकाळी निंगाच्या आंधी मागच्या चाकाजवळ बसते अन् हातानं ठोकून आयकते. जवाई मने, मामाजी, मले तुमसरवरी न्या. नाही मने. कोनालेच बसू नाही देत गाडीत. मी इचारलं, काहून जी असे करता? त मने, तुटली त मी एकटा जाईन."

"मग मला सांगायला काय झाले होते?"

"तुमाले?" ती एवढेच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. शाळेतसुद्धा असे कोणी माझ्याकडे बघितले नव्हते. मग म्हणाली, "सांगतलं नं त्यानं. जत्रेच्या आंधी. मंग तुमी भत्ता कापला."

"आवाजाचे नाही म्हणत मी. दणका केव्हा बसला ते विचारते आहे. तो सांगत का नाही?"

"तुमच्या तोंडावर कसा सांगन, बाई? तुमीच होता नं गाडीत."

ती गेली. चहा घे म्हणायचे राहून गेले.

यातली चूक नीट मांडता येत नाही. त्या दिवशी काटा पाचला बंद होणार होता, हे खरे. शंभर पोत्यांची पद्धत होती, हेही खरे. सेवकरामने नाही म्हणायला हवे होते. तो नाही म्हणाला होता. वहीत माझ्याच अक्षरात आहे. कालपर्यंत मला एक खोटे बोलणारा माणूस सापडत होता. आज तोही नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

बँकेतली ठेव मोडायचा अर्ज देऊन मोहाडीला गेले. बाबुलालला म्हटले, "पूर्ण एक्सल बदला. तीस तारखेच्या आत गाडी हवी."

"देतो. अजून कोनाले दाखवाचं नाही नं?" तो हसला. वरठीपर्यंतची बातमी त्याला पोचली होती.

मी म्हटले, "हाउजिंग वाकले आहे याला पुरावा काय?"

त्याने दुकानातून सूत आणले. एक टोक स्वतः धरले, दुसरे माझ्या हातात दिले. नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायला सांगितले. मधोमध सूत आणि लोखंड यांच्यात माझे बोट गेले. हे बघायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

"हे पहिल्या दिवशी का दाखवले नाही?"

"तुमी किती, ते इचारलं बाईसाहेब. काहून, ते इचारलंच नाही. अन् सेवकरामनं हात जोडले होते का खर्च सांग, कारन नोको सांगू. बाईच्या मनाले लागन."

"आणि तुम्ही ऐकलेत? मी तुम्हाला चोर समजत होते."

"समजा न जी. मास्तरनीबाईले तिची चूक कोन दाखवते? त्यापेक्षा चोर बरा."

बारा दिवस मी तीन गावे हिंडले. सूत याच गॅरेजात खिळ्याला टांगलेले होते.

रविवार, २६ नोव्हेंबर

सेवकरामच्या घरी गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. घर माहीत नव्हते, विचारावे लागले. अंगणात धानाचे भारे पडले होते. तो ते रचत होता. मला बघून हात झटकले आणि खाट टाकली. कुंताबाईने पाणी दिले आणि आत न जाता दारातच उभी राहिली.

रस्त्याने चार वाक्ये तयार करून नेली होती. त्यांतले पहिले म्हटले. "एकवीस डिसेंबरच्या खेपेला चूक माझी होती." पुढची तीन आठवेनात. म्हणून सरळ म्हटले, "कामावर ये."

मिलवाल्यांनी त्याला दुसऱ्या गाडीवर बोलावले आहे, हे मला वाटेत समजले होते. तो तिकडे गेला असता, तर मला एक शब्द बोलायचा हक्क नव्हता.

"येतो," तो म्हणाला. "पन एक गोष्ट हाय, बाई."

वाटले, पगार वाढवून मागेल. मनात आकडाही धरला.

"गाडी भरली असन तवा तुमी केबिनात नोका बसू."

"म्हणजे?"

"तुमी बाजूले असल्या का मी तुमचं आयकतो. गाडीचं नाही आयकत."

दारात कुंताबाई मान खाली घालून उभी होती. हसत होती की काय, ते दिसले नाही. मी रागावले असते, पण कशावर रागवायचे ते सापडले नाही. किल्ली त्याच्या हातात दिली आणि बरे म्हटले. कापलेल्या भत्त्याचे पाकीटही नेले होते. ते त्याने घेतले नाही, कुंताबाईने घेतले.

शुक्रवार, १ डिसेंबर

गाडी वेळेवर निघाली. मिलमध्ये करारावर सही माझीच लागते, म्हणून मीही तुमसरला निघाले आणि आंधळगावच्या एसटी थांब्यावर जाऊन उभी राहिले. हंगामाच्या पहिल्या खेपेला दर वर्षी मी केबिनमध्ये असते. थांब्यावरच्या बायकांनी विचारले, आज एसटीनं काहून बाई? काम आहे म्हटले. हे काही उत्तर नव्हे.

थोड्या वेळाने ट्रक आला. पुढे बैलगाड्या होत्या म्हणून थांब्यापाशी अगदी सावकाश झाला. पोती कच्च बांधलेली होती. सेवकरामने मला बघितले. शेजारची जागा रिकामी होती. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

त्याने गाडी थांबवली नाही.

बरोबर केले. तसेच ठरले होते. एसटी पाऊण तास उशिरा आली. तेवढा वेळ मी पिशवी खाली का ठेवली नाही, कोण जाणे.